कुठल्या आवृत्तीतून वाजवलं तेही छापा
संपादक, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत चेक संगीतकार द्वोर्झाकवरचा लेख वाचला, आवडला. पण त्याच्या 'न्यू वर्ल्ड'ला एकदा नववी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) म्हटलंय आणि खाली चौकटीत पाचवी, तेव्हा वाचणारा गोंधळणारच ना. दोन्ही आकडे खरे आहेत. १८९४ मध्ये बर्लिनचा संगीत-प्रकाशक झिमरॉक याने ती पाचवी म्हणून छापली, कारण पहिल्या चार द्वोर्झाकच्या हयातीत छापल्याच गेल्या नव्हत्या, नवा क्रम बराच नंतर लागला. गंमत म्हणजे द्वोर्झाक तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता म्हणून इकडे युरोपात प्रुफं तपासली ती खुद्द जर्मन संगीतकार ब्राम्सने, एवढ्या मोठ्या माणसाने मित्रासाठी हे किचकट काम केलं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हे सगळं लिहायचं कारण, मी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवतो आणि छापील नोटेशनमुळे काय होतं ते अंगावर घेतलंय. एका तालमीत आमच्या अर्ध्या सेक्शनकडे जुन्या झिमरॉकच्या झेरॉक्स होत्या आणि अर्ध्यांकडे नवीन आवृत्ती. कंडक्टर बारचा (नोटेशनमधल्या एका तालखंडाचा) नंबर सांगायचे आणि जुन्या पार्टवर, म्हणजे वादकाच्या प्रतीवर, बारचे नंबरच नाहीत, स्लर (सूर जोडून वाजवायच्या खुणा) पण वेगळे, त्यामुळे एकाच ओळीत माझा बो (गज) खाली जातोय आणि शेजारच्याचा वर. अर्धा तास त्यातच गेला, पेन्सिलीने खुणा करून करून कागद काळा झाला.

झिमरॉकशी द्वोर्झाकचं भांडण पण ह्याच छपाईवरून. त्याला अँटोनिन हे चेक नाव हवं होतं, ते अँटॉन छापायचे, शेवटी नुसतं 'अँट.' वर मिटलं. आठव्या सिम्फनीचे फक्त १००० मार्क देऊ केले म्हणून त्याने ती सरळ लंडनच्या नॉव्हेलो या प्रकाशकाला दिली, आणि बरोबर केलं.

दुसरा चेक संगीतकार यानाचेक, त्याचं तर आणखी कठीण. तो कोऱ्या कागदावर पाच रेघा स्वतः हाताने ओढायचा, लागतील तेवढ्याच, ते अक्षर लावता लावता संपादकांचा जीव जातो. त्याचा 'येनूफा' ऑपेरा १९०४ ला ब्रनोत झाला पण प्रागला यायला १९१६ उजाडलं, तेही तिथल्या कंडक्टर कोवार्झोविट्सने वाद्यवृंदाची रचना बदलल्यावरच, आणि तेच रूप कित्येक दशकं जगभर वाजत राहिलं. कंडक्टर मॅकेरस आणि संगीत-अभ्यासक टिरेल यांनी यानाचेकचं स्वतःचं रूप परत उभं केलं तेव्हा कुठे लोकांना कळलं की त्याचा ऑर्केस्ट्रा किती उघडा आणि खरखरीत आहे. मला तरी तोच खरा वाटतो, गुळगुळीत केलेला नाही.

तर विनंती एवढीच की कॉन्सर्टचं परीक्षण छापताना कुठल्या आवृत्तीतून वाजवलं ते एका ओळीत येऊ द्या, आणि त्या चौकटीतल्या जुन्या आकड्याचा खुलासा पुढच्या रविवारी करा.

आपला,
एक व्हायोलावादक वाचक