हेराल्डला इलेक्ट्रिक पंखा लावायच्या आधी

कॉव्हेंट्री, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो दोन मिनिटं नुसता फोटो बघत बसलो. काकांची जुनी हेराल्ड गाडी परत रस्त्यावर येणार! ताडपत्री काढल्यावर तो पुढचा सगळा बॉनेट पुढे कलंडलेला बघून मला थेट खंबाटकी आठवला, आपण आठवी-नववीत असू, घाटाच्या वरच्या वळणावर गाडी उकळली की काका शांतपणे बाजूला घ्यायचे, बॉनेट पुढे पालथा टाकायचे, आणि आपण दोघं पुढच्या दोन चाकांवर दोन बाजूंना बसून वाफ कमी व्हायची वाट बघायचो. डिकीत पाण्याचा कॅन कायम. ओल्या फडक्यानं रेडिएटरची कॅप अर्धा आटा फिरवून सोडायची हे मी तेव्हा काकांच्या हातातूनच शिकलो, आजही तसंच करतो.

तू विचारलंयस की "तुझ्या स्पिटफायरला इलेक्ट्रिक पंखा लावलास तसाच हेराल्डला लावू का". लाव, नक्की लाव, पण सगळ्यात शेवटी. का ते सांगतो, पत्र लांबेल.

आधी एक गोष्ट, या दोन गाड्या खरंच सख्ख्या बहिणी आहेत. ट्रायम्फ हेराल्ड 1959 ला आली, आपल्याकडे मद्रासला ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनली, आणि तिचीच चासी आखूड करून 1962 ला स्पिटफायर आली, दोन्हींची बॉडी इटलीच्या मिकेलॉटी या डिझायनरनं काढलेली. मी राहतो त्याच गावात कॅनलीला 1980 पर्यंत स्पिटफायर बनत होत्या. माझी 1977 ची स्पिटफायर 1500 आहे. बॉनेट तसाच पालथा पडतो आणि मी अजूनही टायरवर बसूनच काम करतो, त्यामुळे तुझी गाडी मला इथून डोळे मिटून दिसते.

आता माझी गोष्ट. 2022 चा जुलै, 19 तारखेला या देशात पहिल्यांदाच 40 च्या वर पारा गेला, लिंकनशरला कोनिंग्जबीत 40.3. त्याच आठवड्यात केनिलवर्थजवळ ए 46 वर मी ट्रॅफिकमध्ये अडकलो, वीस मिनिटं जागचं हललो नाही, काटा चढत चढत लाल पट्टीला टेकला आणि ओव्हरफ्लोमधून हिरवं कूलंट रस्त्यावर. गाडी टो करून एका गॅरेजला नेली तर त्यांनी बघता बघता सांगून टाकलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेलंय, मोठा खर्च आहे. मला पटेना. तेलात पाणी नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. गाडी घरी आणली आणि ते निळं लिक्विड मिळतं ना, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्यातून ओढायची, एक्झॉस्टचा गॅस पाण्यात मिसळत असेल तर निळ्याचं पिवळं होतं, ती टेस्ट दोनदा केली. निळं ते निळंच राहिलं. गॅस्केट ठणठणीत होतं.

मग एक एक करत गेलो आणि हाच भाग तू नीट वाच.

पहिला म्हणजे काटाच. या गाड्यांमध्ये डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर, ती पेट्रोलच्या आणि टेंपरेचरच्या गेजला साधारण 10 व्होल्टच देते. ती बिघडली किंवा तिचं अर्थिंग (बॉडीशी जोड) गेलं की दोन्ही काटे उगाच वर दाखवतात. तुझ्या गाडीत पेट्रोल भरलंय त्यापेक्षा जास्त दिसत असेल आणि गाडी गरमही दिसत असेल तर आधी तिथे हात घाल. माझं ते बरं होतं, तरी मी थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारी झडप) घरावर काळी टेप चिकटवून लेझरवाल्या थर्मामीटरनं मोजून घेतलं, चकचकीत धातूवर तो थर्मामीटर भलतंच दाखवतो म्हणून टेप.

दुसरी कॅप. स्प्रिंग मेलेली कॅप दिसायला नवी दिसते. माझ्या गाडीला 13 पौंडाची (दर चौरस इंचाला एवढं प्रेशर धरणारी) लागते, तेवढं प्रेशर धरलं तर आतलं पाणी 100 ला न उकळता 118 च्या आसपास उकळतं. कॅप प्रेशर सोडत असेल तर तो सगळा फायदा गेला. तुझ्या हेराल्डची कॅप कमी पौंडाची असेल, मॅन्युअलमध्ये जी दिलीय तीच घाल, जास्तीची घालून जुन्या रेडिएटरचे डाग दिलेले जोड फोडू नकोस.

तिसरं, आणि माझ्याकडे अर्धा दोष इथे निघाला, रेडिएटरच्या दोन बाजूंचे पुठ्ठे. साधे जाड पुठ्ठ्याचे पडदे असतात, पुढून आलेली हवा जाळीतूनच गेली पाहिजे, बाजूनं निसटू नये म्हणून. पन्नास वर्षांत कोणीतरी काढून फेकलेले असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माझे नव्हतेच. नवीन कापून बसवले, खर्च जवळजवळ शून्य, आणि नुसत्या त्याच्यानं चालत्या गाडीत काटा बोटभर खाली आला. तुझ्या फोटोत नीट दिसत नाहीये पण असतील नसतील ते बघ, नसतील तर घरीच काप.

उरलेला अर्धा दोष रेडिएटरच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या नळ्या-जाळीच्या गाभ्यात. हाताला वरून गरम आणि खालच्या एका कोपऱ्यात गार लागत होता, म्हणजे तिथल्या नळ्या गाळानं बंद. मी कोअर बदलून घेतला, पुण्यात तुला एखादा जुना रेडिएटरवाला उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून गाळ काढणं) करून देईल, ते आधी करून घे.

एवढं झाल्यावर गाडी चालताना एकदम सरळ झाली. ब्रॉडवेच्या फिश हिलच्या चढावर एका कॅराव्हॅनच्या मागे सेकंड गिअरमध्ये चढवली तरी काटा थोडा हलला आणि परत बसला. पण सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये अजूनही चढायचाच. आणि ही जी उरलेली तक्रार आहे ना, उभ्या गाडीची, फक्त तीच पंख्याची तक्रार. गाडी साठच्या स्पीडला गरम होत असेल तर जगातला कुठलाही पंखा कामाचा नाही, तेव्हा वारा पंख्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ढकलत असतो.

मूळचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, इंजिन जेवढं फिरेल तेवढा तो फिरणार. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच मरतुकडा. आणि पाच हजारला, जेव्हा वारा आहेच, तेव्हा हा जीव खाऊन फिरतोय. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं वाढते, फेरे दुप्पट तर ताकद आठपट, सगळी इंजिनातून चोरलेली. इलेक्ट्रिक पंखा उभ्या गाडीतही पूर्ण वेगानं फिरतो आणि नको तेव्हा बंद असतो, मला हे इतकं सुंदर वाटतं की काय सांगू.

मी 10 इंची घेतला, रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा. पुढे लावायचा ढकलणारा प्रकारही मिळतो पण तो चालत्या गाडीत वाऱ्याच्या वाटेतच उभा राहतो. जागा नसेल तरच तो. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या देतात त्या अजिबात वापरू नकोस, हादऱ्यानं घासून घासून नळीला भोक पडतं. मी ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट करून रेडिएटरच्याच बोल्टवर रबर घालून बसवली. लावल्यावर पुढून जाळीवर कागद धर, चिकटला पाहिजे. उडाला तर वायर उलट्या लागल्यात. आणि नुसता फिरतोय यावर जाऊ नकोस, पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असतात.

थर्मोस्विच, म्हणजे ठरावीक तापमानाला पंखा चालू करणारा स्विच, मी वरच्या होज पाइपमध्ये, मध्ये एक ॲल्युमिनियमचा तुकडा घालून बसवला, 92 ला चालू 87 ला बंद. आकडे असेच का, तर माझा थर्मोस्टॅट 82 चा आहे, स्विच त्याच्या खालचा घेतलास तर पंखा कधी बंदच होणार नाही. आणि इथे माझा एक अख्खा शनिवार गेला! गाडी 95 ला गेली तरी पंखा ढिम्म, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलला, फ्यूज बदलला, शेवटी रात्री जेवताना लक्षात आलं की तो तुकडा दोन्हीकडून रबरात आहे, त्याला अर्थ मिळणार कुठून. त्या तुकड्यापासून चासीला एक काळी वायर ओढली आणि पंखा असा घरघरला की शेजारचे आजोबा बाहेर आले.

वायरिंग स्विचमधून थेट करू नकोस, रिले घालच. पंखा चालताना 8-10 अँपिअर खातो पण सुरू होताना त्याच्या दुपटीहून जास्त ओढतो. बॅटरीच्या तपकिरी वायरवरून 20 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 मधून पंख्याला, 86 ला इग्निशनची हिरवी, 85 थर्मोस्विचमधून अर्थला. मेन लाइन इग्निशनवरून अजिबात घ्यायची नाही, कारण चावी बंद केल्यावर फिरत राहिलेला पंखा स्वतःच जनरेटरसारखा करंट मागे पाठवतो आणि इंजिन काही सेकंद बंदच होत नाही. डॅशखाली एक हातानं चालू करायचा स्विच आणि छोटा दिवा पण लाव, दिवा लागला की मनाला बरं वाटतं.

आता तुझ्या गाडीचा खरा अडसर. बॅटरी चार्ज करायला माझ्याकडे अल्टरनेटर आहे, 34 अँपिअरचा. तुझ्या फोटोत मला जे लांबट काळं नळकांडं दिसतंय तो डायनॅमो आहे, तेच काम करणारा जुना प्रकार, तो जोरात फिरला तर वीस-बावीस देईल, आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही, म्हणून तर आपल्याला तो चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणताना दिसायचा. विचार कर, रात्री सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये हेडलाइट चालू, इग्निशन, वर पंख्याचे दहा, सगळं बॅटरीतून. पंखा इंजिन थंड ठेवेल आणि गाडी परत चालू होणार नाही. म्हणजे पंख्याच्या आधी अल्टरनेटर, आणि त्याच्याही आधी बॅटरीची कुठली तार बॉडीला आहे ते बघ. प्लस असेल तर अल्टरनेटर लावायच्या आधी सगळं फिरवावं लागेल, न बघता जोडलास तर त्यातले डायोड क्षणात जातील.

मला माहितीये तुला काकूंना दिवाळीत साताऱ्याला त्याच गाडीतून न्यायचंय. तेवढ्यासाठी पंखा लागणारच नाही, रेडिएटर, कॅप आणि पुठ्ठे एवढं कर, गाडी जाईल. पंखा-अल्टरनेटर मी डिसेंबरात येतोय तेव्हा दोघं मिळून करू, रिले आणि थर्मोस्विच मी इथून आणतो. काकांचा जुना पंखा काढला तरी टाकू नकोस, बोल्टसकट फडक्यात गुंडाळून ठेव.

आणि उद्या उजेडात एक काम कर, पंपाच्या पुलीच्या तोंडापासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत किती जागा आहे ते पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजून पाठव, त्यावरून मला पंख्याची जाडी ठरवता येईल.

तुझाच

(काकूंना नमस्कार सांग, आणि तो पाण्याचा कॅन अजून असेल तर डिकीत ठेव)