काळा पडदा दूर करणाऱ्यांचे आभार
देवगडात ऐन पावसात उबुंटू या संगणक प्रणालीच्या 22.04 आवृत्तीवरून 24.04 वर जात असताना मध्येच वीज गेली आणि त्यानंतर संगणकावर फक्त काळा पडदा उरला; आमच्या आंबा बागेचा चार वर्षांचा हिशेब त्यातच होता. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा पडदा, उघडणे, अर्धवट राहिलेली सॉफ्टवेअरची पॅकेजेस ती बसवणाऱ्या डीपीकेजी या साधनाकडून पूर्ण करून घेणे आणि नव्या कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) पडद्यावर चित्र दाखवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा बसवणे, हे सारे ज्यांनी रात्री उशिरापर्यंत फोनवरून, एकेका आज्ञेचा अर्थ समजावत करून घेतले, त्या अनोळखी मंडळींचा मी मनापासून ऋणी आहे. ‘सगळे पुसून नव्याने टाका’ असे सांगणे सोपे होते (मी स्वतः तेच करणार होतो). हिशेबाच्या फाइली जशाच्या तशा सापडल्या. इन्व्हर्टरची बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलली.