गोगलगायी, दगडफूल आणि सात निळी अंडी

पोरी, फिनलंड
९ जून

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण काल जे पाहिलं ते तुला कळवल्यावाचून राहवेना.

इथून तीसेक किलोमीटरवर हार्यावाल्टा नावाचं गाव आहे. १९४५ पासून तिथे तांबं वितळवतात. आमच्या इमारतीतले एक आजोबा तिकडच्या पाइनच्या रानात झाडांवर लाकडी पेट्या टांगतात, पक्ष्यांनी घरटी करावीत म्हणून. काल मला सोबत नेलं. गावापासून लांब होतो तोवर फांद्यांवर दगडफूल लोंबत होतं (हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद!). धुराडी जवळ आली तशी खोडं बोडकी होत गेली.

या रानात माशीमार नावाचा एक काळापांढरा पक्षी येतो. वजन जेमतेम १२ ग्रॅम, आणि हिवाळ्याला जातो थेट पश्चिम आफ्रिकेत. अंड्याच्या कवचासाठी मादीला चुना लागतो, तो ती गोगलगायींच्या शंखांतून मिळवते. आता धुरातल्या गंधकाने माती आंबट झाली, तांबं-निकेल साचलं, की गोगलगायी टिकत नाहीत. मग कवच पातळ होतं, अंडी उबत नाहीत. वर्षानुवर्षं कारखान्याजवळ हेच चाललं होतं. विषाने पक्षी पटापट मरतात अशी माझी समजूत, आणि इथे गाडं अडलं होतं गोगलगायीपाशी!

वल्गुली या चिमणीएवढ्या पाखराची गोष्ट आणखी वेगळी. आपली राखी वल्गुली पोटाला पांढुरकी, इथली तिची बहीण पिवळीजर्द. हा पिवळा रंग तिला अळ्यांतून मिळतो, अळ्यांना पानांतून. कारखान्याजवळ अळ्याच कमी, म्हणून तिथली वल्गुली धुऊन विटलेल्या साडीसारखी फिकी.

नव्वदच्या दशकात धूर बराच आटोक्यात आणला. तुर्कू विद्यापीठाचे एएवा आणि लेहिकोइनेन या रानातल्या घरट्यांच्या नोंदी ठेवत होते. माशीमाराची वीण सुधारल्याचं त्यांनी २००० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. इतक्या लवकर! माती मात्र अजून जुनंच घेऊन बसलीय. धातू काही धुरासारखे वाऱ्यावर जात नाहीत. झाडांखाली काल मला कितीतरी ठिकाणी नुसती काळपट उघडी जमीन दिसली. त्यामुळे 'रान सुधारलं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाखरू सुधारलं, एवढं म्हणतो.

धुराडं दिसेल इतक्या जवळच्या एका पेटीचं झाकण आजोबांनी अलगद उचललं. आत गवताच्या वाटीत माशीमाराची फिकट निळी अंडी, सात. मी श्वास रोखून मोजली, त्यांनी झाकण लावलं आणि वहीत आकडा लिहिला. मादी शेजारच्या फांदीवरून आमच्या नावाने ओरडत होती.

वहिनींना नमस्कार. आणि कुणी इकडे येणारं असेल तर पावशेर गोडा मसाला पाठव, आमचा तळाला गेलाय.

तुझाच,
विन्या