बर्डिकसाहेब, टी२०६ या नावाबद्दल आभार

आदरणीय जेफरसन बर्डिकसाहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला जाऊन साठ वर्षांवर काळ लोटला. तरी बेसबॉलची जुनी कार्डं जमवणारी आम्ही मंडळी आजही रोज तुम्हीच पाडलेली नावं वापरतो. नव्याने या छंदात आलेल्यांना ती कोणी पाडली हे ठाऊक नसतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं, उघड लिहीत आहोत.

सिगारेटच्या पाकिटातून आलेलं एक कार्ड हातात घ्यावं. साधारण ३७ बाय ६७ मिलिमीटर, काडेपेटीपेक्षा जरा उंच. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, भोवती पांढरा काठ, खाली तपकिरी अक्षरांत आडनाव आणि शहर. मागे पीडमाँट नाहीतर स्वीट कॅपोरल सिगारेटची जाहिरात. साल नाही, क्रमांक नाही, संचाचं नाव नाही. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात अशी ५२४ वेगवेगळी कार्डं सोळा ब्रँडच्या पाकिटांतून वाटली. ‘पांढऱ्या काठाचं, सिगारेटवालं’ एवढ्या वर्णनावर दोन गावांतले दोन संग्राहक टपालाने देवाणघेवाण कशी करणार? तुम्ही त्याला टी२०६ म्हटलंत आणि तो प्रश्न संपला.

सिराक्यूसला विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचे, संधिवाताने बोटं आखडलेली, आणि उरलेल्या वेळात देशभरच्या कार्डांची वर्गवारी. १९३७ पासून तुमचं पत्रक निघू लागलं, १९३९ मध्ये पहिली सूची आली आणि १९६० पर्यंत ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ सुधारत राहिला. अक्षरांची योजना इतकी साधी की एकदा ऐकून लक्षात राहते: एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं ‘एन’, विसाव्या शतकातली ‘टी’, सुरुवातीच्या गोळ्या-कॅरमेलची ‘ई’, नंतरच्या गमची ‘आर’, बेकरीची ‘डी’. ‘टी’मध्ये २०० पासून पुढे बेसबॉल. म्हणून १९११ चा सोनेरी काठाचा संच टी२०५ आणि १९१२ चा तपकिरी पार्श्वभूमीचा टी२०७.

अनोळखी जुनं कार्ड समोर आलं की आजही तुमच्याच वाटेने जावं लागतं. आधी मागची बाजू पाहायची, कारण जाहिरात कशाची यावर अक्षर ठरतं. मग मिलिमीटरमध्ये माप, मग काठाचा रंग, मग नावाची अक्षरं कोणत्या रंगात आणि कुठे. खेळाडूवरून सुरुवात करणारा हमखास चुकतो, कारण टाय कॉबसारखा खेळाडू एकाच काळात कितीतरी संचांत सापडतो. टी२०६ ठरलं तरी काम उरतंच. मागे १५०, ३५० की ४६० ‘सब्जेक्ट्स’ (म्हणजे चित्रं) लिहिलंय, कारखान्याचा क्रमांक कोणता, ब्रँड कोणता, हे सगळं नोंदवायचं. एकच चित्र पीडमाँटच्या पाठीवर सहज मिळतं आणि दुर्मिळ ब्रँडच्या पाठीवर वर्षानुवर्षं मिळत नाही. नुसतं ‘हे माझ्याकडे आहे’ म्हणून पुढे जाणारा स्वतःच्या डब्यातलं सगळ्यात चांगलं कार्ड ओळखत नाही.

टी२०६ मधलं होनस वॅगनर या खेळाडूचं कार्ड तुमच्या सूचीत ५० डॉलरला होतं आणि तेव्हा ती किंमत डोळे विस्फारणारी होती. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. पण आमचं म्हणाल तर, या छंदाचा खरा आनंद त्या एका कार्डात नाही. तो यादीवर बारीक रेघ मारण्यात आहे. आणि यादी आहे म्हणूनच वैतागही आहे.

१९३३ चा गाउडी गमचा संच घ्या, तुमच्या सूचीतला आर३१९. क्रमांक १ ते २४०, पण १०६ छापलाच नव्हता. पोरं पैसे साठवून गम घेत राहिली, १०५ आणि १०७ चे ढीग झाले. पत्र पाठवून विचारणाऱ्यांना कंपनीने १९३४ मध्ये नॅपोलियन लाजोईचं १०६ टपालाने धाडलं. आजही आर३१९ पूर्ण करणारा बहुधा २३९ वर थांबतो, आणि त्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही.

जिथे काहीच दडवलेलं नाही तिथेही गणित आडवं येतं. टॉप्स कंपनीच्या १९८७ च्या संचात ७९२ कार्डं, लाकडी रेषांच्या काठाची. एका पुड्यात १७ कार्डं आणि गमची एक पट्टी, एका खोक्यात ३६ पुडे. कार्डं पूर्णपणे सरमिसळ होऊन येतात असं धरलं, तर निव्वळ पुडे फोडून संच पुरा व्हायला सरासरी ५,७०० च्या वर कार्डं लागतात, म्हणजे जवळजवळ ३४० पुडे. त्यातली २,३०० च्या वर केवळ शेवटच्या दहा कार्डांपायी. म्हणून साडेपाचशेच्या आसपास वेगवेगळी कार्डं झाली की पुडे घेणं थांबवावं, दुहेरी कार्डं क्रमाने लावावीत, हवं असलेल्यांची यादी करावी आणि अदलाबदलीला बसावं. बिग फन गमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं शाळेच्या मधल्या सुट्टीत बदलून घेतलेल्या मराठी वाचकांना हे वेगळं समजावायला नको. फक्त इथे यादी लिहिलेली असते, आणि लिहिलेली यादी अनोळखी माणसालाही पाठवता येते. ती सवय तुमच्या पत्रकाने लावली.

पुड्यातलं गम मात्र कार्डाचं वैरी. पट्टी ज्या कार्डाला टेकते त्यावर तपकिरी डाग बसतो आणि पुड्याच्या कागदाचं मेण शेवटच्या कार्डावर उतरतं. चकचकीत बाजूवरचं मेण नायलॉनच्या जुन्या पायमोज्याने हलकेच गोल पुसलं तर निघतं. मागची बाजू लेप नसलेली, मेण कागदात मुरतं. तिथे हात लावू नये. गमचा डाग पाण्याने काढायला जाणारे कार्डाचे थर सुटे करून बसतात.

कार्डं सांभाळण्यात सगळ्यात जास्त नुकसान मापाच्या चुकीने होतं. आजचं कार्ड ६४ बाय ८९ मिलिमीटर, आणि बाजारातली साधी पातळ पिशवी, पेनी स्लीव्ह, त्याच मापाला धरून केलेली. १९५२ चं टॉप्स ६७ बाय ९५ भरतं. ते तिच्यात कोंबलं की कोपरे मऊ होतात आणि डोकं बाहेर राहतं. टी२०६ उलट तिच्यात सैल हलतं आणि हलून हलून काठ घासतो. दोन्हींसाठी वेगळ्या मापाच्या पिशव्या मिळतात, त्याच घ्याव्यात. नेहमीच्या कार्डाला आधी पेनी स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा तिरका कापला तर कार्ड सरकवताना टोक अडकत नाही. टॉपलोडरची जाडी पॉइंटमध्ये मोजतात, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साध्या कार्डाला ३५ पुरतो. जर्सीच्या कापडाचा तुकडा बसवलेल्या कार्डाला १३० लागू शकतो. टपालाने पाठवताना तोंडाला रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी लावावी. पारदर्शक सेलोटेपचा डिंक टॉपलोडरवर राहतो, आणि पट्टी ओढताना कार्डही बाहेर येतं.

नऊ खिशांची पानं पॉलिप्रोपिलीनची हवीत. पीव्हीसीचं पान मऊ ठेवणारं द्रव्य काही वर्षांनी पाझरतं आणि कार्डाला चिकट तेलकटपणा देतं. फाइल इंग्रजी ‘डी’ आकाराच्या कड्यांची घ्यावी. गोल कड्यांवर पहिली आणि शेवटची पानं वाकतात आणि आतल्या रांगेतल्या कार्डांवर कायमचा वळ उठतो. कार्डांच्या गठ्ठ्याला रबर लावलं की दोन्ही काठांना खाच पडते, तिला उपाय नाही.

मुंबईत किंवा कोकणात कार्डं ठेवणाऱ्यांसाठी खास एक गोष्ट. नवी चकाकणारी क्रोम कार्डं पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकतात, कारण मागचा कागद दमट हवा पितो आणि पुढचा लेप पीत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४५ ते ५० टक्क्यांत राहिला की पुरे. वाकलेलं कार्ड इस्त्रीने सपाट करायला जाऊ नये.

नकली कार्डांशी लढतानाही तुमचीच वर्गवारी कामाला येते, कारण संच कळला की अस्सल नमुना कसा असतो हे कळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन टी२०६ वरचं नाव पाहावं. अस्सल अक्षर एकसंध तपकिरी शाईचं असतं. अक्षर बारीक रंगीत ठिपक्यांनी बनलेलं दिसलं तर ते अस्सलवरून फोटो काढून छापलेलं. अंधारात अतिनील दिवा धरला आणि कागद निळसर पांढरा उजळला, तर कागद दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजावा. आधीच्या कागदात ते चमक देणारं द्रव्य नसे. कापून नीटनेटकं केलेलं कार्ड ओळखणं अवघड, कारण कारखान्याची कापणीही सारखी नव्हती. चारही काठ एकमेकांशी ताडून पाहावेत. एकच काठ बाकीच्यांपेक्षा पांढरा आणि धारदार असेल तर कार्ड परत करावं.

तुम्ही तीन लाखांहून अधिक छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्यात, त्यातली तीस हजारांवर बेसबॉलची कार्डं. नुसती देऊन थांबला नाहीत. तिथे टेबलाशी बसून, आखडलेल्या बोटांनी, वर्षानुवर्षं ती अल्बममध्ये लावत गेलात. १० जानेवारी १९६३ ला शेवटचं कार्ड लावलंत आणि मार्चमध्ये गेलात. त्या अल्बममध्ये वॅगनर आहे, आणि त्याच अल्बममध्ये कोणालाही नको असलेली, फाटक्या कोपऱ्यांची साधी कार्डंही तितक्याच काळजीने आपापल्या जागी लावलेली आहेत. त्यांच्यासाठी तुमचे वेगळे आभार.

आपले ऋणी,
कार्डं जमवणारी मंडळी

ता. क. तुम्ही कार्डं डिंकाने चिकटवलीत, ते आज आम्ही कोणाला करू देत नाही. डिंकाने मागची जाहिरात झाकली जाते आणि ब्रँड कळेनासा होतो. नव्याने अल्बम करणाऱ्यांनी कागदाची कोपरपट्टी वापरावी, चार कोपऱ्यांना चार.