'मॅगट ब्रेन'चे सराउंड मिक्स आणि गाळलेली वाद्ये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अल्बमांच्या सराउंड आवृत्त्यांविषयी आलेला लेख वाचला. मूळ फितींवर असलेले, पण स्टिरिओच्या दोन स्पीकरांत दबून गेलेले सारे काही आता चहूबाजूंनी ऐकता येईल, असा त्या लेखाचा एकूण सूर होता. अनेक अल्बमांबाबत तो मान्य करता येईल. परंतु फंकाडेलिक या अमेरिकी बँडच्या 'मॅगट ब्रेन'सारख्या सायकेडेलिक फंकच्या (बास आणि ड्रमच्या ठेक्यावर उभ्या फंक संगीताला भासमय ध्वनींची जोड देणाऱ्या) अल्बमाला हीच कसोटी लावली, तर त्याचा प्राणच हरवेल, असे मला वाटते.

हा अल्बम डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत मुद्रित झाला आणि १९७१ मध्ये वेस्टबाउंड कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्याचे दहा मिनिटांहून मोठे शीर्षकगीत म्हणजे जवळजवळ सर्वस्वी एडी हेझल यांचे गिटारवादन. आई गेल्याचे नुकतेच कळले आहे असे समजून वाजव, असे आपण हेझल यांना सांगितल्याची आठवण बँडचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांनी पुढे सांगितली आणि या अल्बमावरचा बहुतेक प्रत्येक लेख तिथूनच सुरू होतो. मला मात्र त्यानंतर मिक्सिंगच्या (वेगवेगळ्या मुद्रित आवाजांची पातळी ठरवून ते एकत्र जुळवण्याच्या) वेळी जे घडले, ते अधिक महत्त्वाचे वाटते. हेझल यांच्यासोबत इतर वादकही वाजवत होते; क्लिंटन यांनी त्यांच्यापैकी बहुतेकांचे आवाज मिटवत नेले आणि उरली ती मागची संथ, फिरून फिरून येणारी स्वरावली आणि मुख्य गिटारच्या पाठोपाठ लांबत जाणारे प्रतिध्वनी. ड्रम आणि बास ठळक असलेले पर्यायी मिक्स २००५ च्या पुनर्प्रकाशनात जोडलेले आहे. जिज्ञासूंनी दोन्ही लागोपाठ ऐकावीत. पर्यायी मिक्समधले वादन उत्तम आहे, परंतु ताल सापडताच त्या गिटारचे निराधारपण संपते आणि ती एका चांगल्या बँडमधली चांगली गिटार होऊन बसते.

आता सराउंड मिक्स करणाऱ्या अभियंत्यापुढची अडचण लक्षात येईल. फाइव्ह-पॉइंट-वन मांडणीत समोर तीन, मागच्या बाजूला दोन आणि खर्जासाठी एक असे सहा स्पीकर असतात. त्यांतले काही दहा मिनिटे जवळजवळ मुके ठेवणे हे महागडी यंत्रणा बसवलेल्या ग्राहकाला फसवणुकीसारखे वाटू शकते, आणि त्यामुळेच वगळलेले ड्रम हळूच परत आणण्याचा मोह होतो. माझ्या मते मागच्या स्पीकरांना केवळ प्रतिध्वनी द्यावेत आणि समोर गिटार एकटीच ठेवावी. याउलट शेवटच्या 'वॉर्स ऑफ आर्मगेडन'मध्ये गर्दीच्या घोषणा, बाळाचे रडणे आणि स्फोटाचे आवाज वाद्यांवर आदळत राहतात; तिथे अभियंत्याने चहूबाजूंनी खुशाल गोंधळ घालावा, कारण त्या रचनेला दोन स्पीकर मुळातच अपुरे पडतात. 'हिट इट अँड क्विट इट'मधला बर्नी वॉरेल यांचा ऑर्गन थोडा मोकळा झाला, तरी माझी हरकत नाही.

ही कल्पना काही आजची नव्हे. सत्तरच्या दशकात चार स्पीकरांच्या क्वाड्राफोनिक तबकड्या निघाल्या होत्या, परंतु एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती आणि खर्चिक उपकरणे यांमुळे त्या फार काळ टिकल्या नाहीत. आज डॉल्बी ॲटमॉस या सराउंड ध्वनितंत्रामुळे सराउंड मिक्स मोबाइलपर्यंत पोहोचले आहे खरे, पण आपल्याकडील बहुतेक श्रोते (दिवाणखान्यात सहा स्पीकरांना जागा कुणाकडे आहे?) ते हेडफोनवरच ऐकतात. तिथे दिशांचा भास दोन्ही कानांकडे जाणाऱ्या आवाजांवर प्रक्रिया करून निर्माण केलेला असतो आणि त्या प्रक्रियेत बासची धार बोथट झाल्यासारखी वाटू शकते. फंकमध्ये ही किरकोळ उणीव म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्या समीक्षकांना माझी विनंती आहे की, अशा आवृत्तीविषयी लिहिताना नवे मिक्स कोणी केले, ते मूळ मल्टिट्रॅक (वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेल्या) फितींवरून केले की तयार स्टिरिओ मिक्सवरून, मूळ मिक्समध्ये गाळलेले काय परत आणले आणि १९७१ चे स्टिरिओ मिक्स सोबत दिले आहे की नाही, हे त्यांनी नोंदवावे. आपण स्वतः ते स्पीकरांवर ऐकले की हेडफोनवर, हेही सांगितल्यास आम्हा वाचकांना खरेदीचा निर्णय घेणे सोपे जाईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे