बर्कलीचे उतार

बर्कली (कॅलिफोर्निया, अमेरिका), ८ एप्रिल

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

बँकेच्या पाच पायऱ्यांपाशी तुझी व्हीलचेअर अडते, बाबा पासबुक घेऊन वर जातात आणि तू खाली रिक्षात बसून राहतेस, असं आईने फोनवर सांगितलं. तेव्हापासून टेलिग्राफ अव्हेन्यूवरून जाताना सारखी तू आठवतेस. इथे चौकाच्या कोपऱ्यावर फुटपाथ उतरत उतरत रस्त्याला टेकवलाय. त्याला 'कर्ब कट' म्हणतात. तोंडाशी पिवळी, उठावाच्या टिकल्यांची पट्टी. फुटपाथची कडच गेली तर अंध माणसाला रस्ता कुठे सुरू झाला ते कळणार कसं? टिकल्या पायाला लागतात, काठीला लागतात.

हे उतार कुणी दयेपोटी दिलेले नाहीत गं. एड रॉबर्ट्सला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं अंग जवळजवळ लुळं पडलं. १९६२ साली तो इथल्या विद्यापीठात आला. झोपायला आयर्न लंग लागे, म्हणजे डोकं तेवढं बाहेर ठेवून आत झोपायचं, श्वास चालू ठेवणारं लोखंडी पिंप. ते धूड हॉस्टेलात कुठे ठेवणार? म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यातच राहिला. मागोमाग त्याच्यासारखे आणखी आले. त्यांनी नगरपालिकेच्या मागे लकडा लावला आणि १९७१ मध्ये बाजारपेठेतले फुटपाथ उतरते करायचं धोरण मंजूर झालं.

पण मला भरून आलं ते १९७७ चं वाचून. सरकारी पैसा घेणाऱ्यांनी अपंगांना वगळायचं नाही, असा कायदा १९७३ लाच झाला होता, तो राबवायच्या नियमांवर सरकारची सही मात्र होत नव्हती. ५ एप्रिलला जुडी ह्यूमन (या चळवळीतली कार्यकर्ती, तिलाही पोलिओच) आणि शंभरावर माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शिरली ती हलेनात. अंग वळवायलाही मदतनीस लागणारी माणसं जमिनीवर झोपली! फोन तोडले, तर कर्णबधिरांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत खाली निरोप दिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथरवाले गरम जेवण पोचवत. २८ एप्रिलला सही झाली.

'माझ्या एकटीसाठी कशाला' असं तू म्हणतेस. काल मी कोपऱ्यावर पाच मिनिटं उभा होतो. त्या उतारावरून एक बाबागाडी गेली, सामानाची हातगाडी गेली, काठी टेकत एक आजोबा गेले.

आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. बँकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत ठेवलाय. पायऱ्यांची उंची बाबांकडून मोजून घे आणि मोकळ्या जागी भर. सही मात्र तू कर, बाबांनी नको.

तुझा,
बाळू