‘पैशाचं तू बघू नकोस’ असं मुलांना सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पैशाचं तू बघू नकोस, तू फक्त अभ्यास कर.’ ते बोलणाऱ्या आई-वडिलांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण एका राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. कॉलेज निवडताना मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं, असं माझं ठाम मत आहे.

कर्जाच्या कागदावर कर्जदार म्हणून नाव मुलाचं असतं, आई-वडील सहकर्जदार. अठरा वर्षांची मुलगी समोर बसायची आणि दाखवू तिथे सही करायची, रक्कम न वाचता. ‘हेच कॉलेज का घेतलंस गं?’ असं विचारलं तर उत्तर वडील द्यायचे. तोवर प्रवेश झालेला, पहिल्या वर्षाची फी भरलेली. मग बँकेत बसून काय बोलणार? हे बोलणं फॉर्म भरायच्या आधी, घरात, मुलासमोर व्हायला हवं.

आणि ते आकड्यांत व्हायला हवं. समजा चार वर्षांचा खर्च 10 लाख, दर वर्षी अडीच लाख उचलायचे, व्याज 10 टक्के. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढत असतं. हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजानंच साडेतीन लाख होतात आणि परतफेड साडेतेरा लाखांची होते. दहा वर्षांत फेडायचं तर महिना 17,800 रुपयांच्या आसपास. हा आकडा ज्याला भरायचा आहे, त्यालाच कुणी सांगत नाही!

आता जाहिराती बघा. त्यांत सर्वांत मोठं पॅकेज छापतात, आणि ते एखाद्याच मुलाला मिळालेलं असतं. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या, क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे कळवावं लागतं. मध्यक म्हणजे पगाराप्रमाणे सगळ्यांना ओळीनं उभं केलं, तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. ही माहिती सगळ्यांसाठी खुली असते. तो पगार आणि वरचा हप्ता मुलानं स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहावा. सतरा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. आपणच त्याला कळू देत नाही.

आमच्याकडे आणखी एक ओढ आहे, पुण्याची. रामबाग असो, तिलक नगर असो की राजेंद्र नगर, प्रत्येक घरातलं कोणीतरी पुण्यात असतंच. तिकडे जायला माझी हरकत नाही. पण महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यात मातृभाषा मराठी असून भागत नाही. तिथे रहिवास आणि दहावी-बारावी कुठून केली, हे बघतात. आपली मुलं बहुतेक वेळा बाहेरच्या राज्यातली म्हणून थोड्या जागांवर झगडतात, नाहीतर मॅनेजमेंट कोट्यात, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवर, जातात. इकडे मात्र ती मूळ निवासी असतात. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत मध्य प्रदेश बोर्डात 70 टक्के किंवा सीबीएसईत 85 टक्के मिळवणाऱ्या मुलाची फी उत्पन्नाच्या मर्यादेत आणि योजनेच्या अटींवर राज्य सरकार भरतं. होळकर सायन्स कॉलेज 1891 पासून या शहरात आहे, एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज 1952 पासून. घरून जाऊन-येऊन शिकता येतं, म्हणजे हॉस्टेल आणि मेसचा खर्च वाचला. ही नावं यादीत शेवटी का असावीत?

मागच्या उन्हाळ्यात शेजारची मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. पुण्यातलं एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज जवळपास ठरलं होतं आणि घराची कागदपत्रं तारण ठेवायची तयारी होती, कारण साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते. मी वरचा हिशेब तिलाच करायला लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, घराचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ मध्य प्रदेशच्या प्रवेश काउन्सेलिंगमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना तिनं इंदूरची दोन सरकारी कॉलेजं सगळ्यात वर टाकली आणि पुण्याचा विचार मागे ठेवला. वडिलांना वाईट वाटलं, तिला नाही.

किंमत सांगणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, हेही लिहायला हवं. माझ्या एका भाच्यानं हाच हिशेब केला आणि तरीही डिझाइनचा महागडा कोर्स घेतला. त्या विभागातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना तो जाऊन भेटला होता, त्यांचं काम बघून आला होता, आणि हप्त्याचा आकडा त्याला तोंडपाठ होता. मी आनंदानं त्याची जामीन राहिले.

2024 मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आली. निवडक चांगल्या संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात 3 टक्के सूट असते. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती लागू नाही. म्हणजे कॉलेज कोणतं आणि प्रवेश कसा, यावर कर्ज किती महाग पडणार ते ठरतं. दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

आणि घाईत कुठे प्रवेश घेतलाच, तर ओरिजिनल मार्कशीट तिथे सोडून येऊ नका. ती पडताळून परत द्यावी, संस्थेनं स्वतःकडे ठेवू नये, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 मध्येच बजावलं आहे.

आपल्या अंकात या दिवसांत प्रवेशाच्या पानभर जाहिराती असतात. त्यांच्या शेजारी पाव पानाचा एक रिकामा तक्ता छापाल का? चार वर्षांचा एकूण खर्च, हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज, महिन्याचा हप्ता आणि कॉलेजचा मध्यक पगार, एवढे चार रकाने पुरेत. वर फक्त एक सूचना हवी : हा तक्ता विद्यार्थ्यानं स्वतः भरावा. हप्त्यांचा तयार हिशेब हवा असल्यास मी विनामूल्य करून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी,
रामबाग, इंदूर